दहा नंबरचा पाना

९ जानेवारी

मामा,

नमस्कार मोठ्यानं केलाय असं समज, म्हणजे ऐकू येईल. रागावू नकोस. फोनवर तुझ्याशी बोलायचं तर मला ओरडावं लागतं, आणि माझ्या खोलीची भिंत म्हणजे नुसतं प्लायवूड. पलीकडे राहणारी शिवणकामवाली दुसऱ्या दिवशी जिन्यात गाठून विचारते, "मामांची कंबर आता कशी आहे गं?" म्हणून ठरवलंय, कामाचं सगळं पत्रातूनच लिहायचं.

गॅरेज मोठं आहे. एका वेळी सहा गाड्या आत राहतात. मालक आठवड्यातून दोनदा काचेच्या केबिनमध्ये येऊन बसतो, बाकी सगळं राज्य फोरमनचं. मी धरून चार मिस्त्री. इथला दंडक असा की ज्याचं हत्यार त्याचं. पान्यापासून स्कॅनरपर्यंत सगळं आपापलं आणायचं आणि आपल्या पेटीत कुलपात ठेवायचं. मला तीन महिने दिलेत. तेवढ्यात मी स्वतःचा स्कॅनर घ्यायचा आणि निदान एका गाडीचा दोष कोणाला न विचारता शोधून दाखवायचा. जमलं तर कायम, नाही तर गाशा गुंडाळून घरी. आणि घरी आले की आई मला मावशीच्या झेरॉक्सच्या दुकानात बसवणार, हे तुलाही ठाऊक आहे. मी मेले तरी त्या दुकानात बसणार नाही.

तर प्रश्न असा, की स्कॅनर घेऊ कोणता? दुकानदारानं तीन दाखवले. एक पिवळा, मुठीएवढा. स्टीअरिंगखालच्या सॉकेटला लावला की इंजिनातल्या दोषांचे कोड वाचतो आणि पुसतो, बस. दुसरा काळ्या टॅबलेटसारखा. तो ब्रेकचे आणि एअरबॅगचेही कोड वाचतो, गाडी चालू असताना सगळे आकडे पळताना दिसतात. तिसरा तर सूटकेसमध्येच येतो. त्याच्यावरचं बटण दाबून म्हणे गाडीचा पंखासुद्धा फिरवता येतो. पण त्याला दर वर्षी वर्गणी, आणि ती भरली नाही तर नवीन गाड्या तो ओळखतच नाही.

फोरमनला विचारलं तर म्हणाला, "घाई करू नकोस. घेशील त्याच्या आधी मला दाखव." एवढं बोलून गेला. त्याला का दाखवायचं? त्याचं आणि दुकानदाराचं काही साटंलोटं असेल का?

तुझी भाची


१५ जानेवारी

चि. खटपट,

आशीर्वाद. माझं मनगटी घड्याळ उघडून तू परत जोडलंस आणि तीन चाकं उरली, तेव्हापासून तुझं हेच नाव, आणि अजून तू बदलली नाहीस याचा मला आनंद आहे.

साटंलोटं आहे. शंभर टक्के आहे. जो माणूस "मला दाखव" म्हणतो त्याला काहीतरी हवं असतं. माझं निम्मं आयुष्य गॅरेजात गेलं, मला या लोकांची नाडी कळते.

काहीही विकत घेऊ नकोस. कपाटातून माझा जुना रीडर काढून पाठवतोय, जाड मोज्यात गुंडाळलाय, मोजा धुतलेला आहे. त्याच्या पडद्यावर चारच ओळी दिसतात, पण खोटं बोलत नाही. त्याच्यावर हात बसला की मग मोठं यंत्र घे. तो कोणालाही दाखवायचा नाही. सोबत दहा नंबरचा पाना आहे. दांड्यावर कानशीनं घासलेल्या तीन खाचा आहेत, म्हणजे दुसऱ्याच्या पान्यांत मिसळणार नाही. दहा नंबरचा पाना जगातल्या कुठल्याही गॅरेजात टिकत नाही, म्हणून जिवापाड जप.

आता माझी पद्धत. सगळ्यांच्या आधी जायचं. ज्या गाडीला हात लावायचा तिच्या बॅटरीची काळी तार आधी सोडवायची. मग वायरिंग, पट्टे, पाइप, सगळं हातानं चाचपायचं. मग तार जोडायची आणि त्यानंतरच यंत्र लावायचं. तार न सोडवता मी एकदाच हात घातला होता. माझ्या डाव्या मनगटावरचा डाग तू पाहिला आहेस, घड्याळाचा धातूचा पट्टा तिथे चिकटला होता. त्यानंतर माझ्या गॅरेजात तार सोडवल्याशिवाय बॉनेटखाली कोणाचं बोटही गेलं नाही. बाकीचे यायच्या आत सगळं जागच्या जागी. आपली पद्धत आपल्याजवळ. कोणी विचारलं तर झाडत होते म्हणावं.

आई बरी आहे. झेरॉक्सचा विषय तिनं परवा पुन्हा काढला होता. मी ऐकू आलं नाही असं दाखवलं.

मामा


२८ जानेवारी

मामा,

रीडर चालतो! मोज्यासकट पेटीच्या तळाशी ठेवलाय. सकाळी शटर उघडायची किल्ली माझ्याकडेच असते, त्यामुळे तुझी पद्धत अगदी तंतोतंत पाळते. तार सोडव, चाचप, जोड, मग यंत्र.

पण इथे कुठेतरी पाणी मुरतंय. गेल्या आठवड्यात चार गाड्या अशा झाल्या. संध्याकाळी गिऱ्हाईक सोडून जातं तेव्हा इंजिनाचा पिवळा दिवा लागलेला मी माझ्या डोळ्यांनी पाहते. सकाळी यंत्र लावते तर एकही कोड नाही. दिवाही विझलेला. गाडी म्हणते, मला काहीसुद्धा झालेलं नाही! त्यातली एक गाडी नर्सबाईंची. कामावर जाताना भर चौकात त्यांची गाडी बंद पडते, मागून ट्रक येत असतात. फोरमननं दोन वायरी तपासून गाडी परत दिली. तिसऱ्या दिवशी बाई ओढून आणलेल्या गाडीबरोबर रडत आल्या. ती गाडी माझ्याकडे असती आणि कोड दिसला असता, तर तो माझा पहिला दोष झाला असता.

फोरमनचं वागणं मला काही समजत नाही. माणूस "हं" पलीकडे बोलत नाही. डाव्या हातानं लिहितो, म्हणून त्याच्या कार्डांवर सगळी शाई फासलेली असते. स्क्रू काढले की डोक्यावरची टोपी उलटी करून त्यात ठेवतो. परवा मी पेटी उघडली तर मागे येऊन उभा. "यंत्र घेतलंस का?" मी म्हटलं, नाही. तर म्हणतो, "माझा जुना स्कॅनर पडून आहे. घेऊन जा. फुकट." मामा, फुकट! आपलं चालतं हत्यार असं कोण देतं?

खटपट


२ फेब्रुवारी

चि. खटपट,

स्कॅनर घ्यायचा नाही. त्याला बोटही लावायचं नाही.

काही गोष्टी विचारतो, नीट उत्तर दे. वय पन्नाशीच्या अलीकडे? उजव्या भुवईत केस नसलेली एक रेघ? आणि पाना घट्ट करताना खालचा ओठ चावतो का?

आता कामाचं. रीडरवर तिसऱ्या ओळीत "चाचण्या" असं काहीतरी येतं. गाडी चालता चालता स्वतःच स्वतःच्या सात-आठ चाचण्या करत असते. धडधाकट गाडीच्या चाचण्या "पूर्ण" दिसतात. कोड एकही नाही आणि चाचण्याही सगळ्या "अपूर्ण", अशी गाडी दिसली तर समजायचं की कोणीतरी नुकतीच तिची पाटी पुसली आहे. गाडीला स्वतःचं काही आठवतच नाही. हे मी फार महाग पडून शिकलो.

वहीत लिहायला लाग. संध्याकाळी गाडी आली की यंत्र लाव, काय दिसलं ते वेळ घालून लिही. सकाळी पुन्हा. मधे गॅरेजात कोण होतं तेही लिही. डोळ्यांत तेल घालून बघ. आणि त्याच्याशी गोड बोल.

मामा


१६ फेब्रुवारी

मामा,

भुवईत रेघ आहे! ओठही चावतो! तुला कसं कळलं? तू त्याला ओळखतोस का? 

वही सोबत पाठवत नाही, पण मजकूर ऐक. नऊ गाड्या. नऊही गाड्यांना संध्याकाळी कोड. सकाळी त्यातल्या सात कोऱ्या आणि त्यांच्या सगळ्या चाचण्या अपूर्ण. उरलेल्या दोन नवीन गाड्या होत्या, त्यांचे कोड राहिले. त्यांचं पुसणं जमलं नसेल. नर्सबाईंची गाडी पुन्हा आलीय, त्याच दोषासाठी. संध्याकाळी तिच्यात एका सेन्सरचा कोड होता, मी घाईत अर्धाच लिहून घेतला. सकाळी गायब. आणि दर संध्याकाळी सगळ्यांत शेवटी गॅरेजातून निघतो तो फोरमन. शटर तो ओढतो.

काल तर कमाल झाली. मला बाजूला घेऊन म्हणाला, "सकाळी आमच्या आधी येतेस. आल्यावर काय काय करतेस, ओळीनं सांग." मी म्हटलं, झाडते. त्यानं एकदा जमिनीकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे. मग म्हणाला, "तुझ्याकडे एखादं छोटं यंत्र असेल तर सांग. रागावणार नाही." मी म्हटलं, कुठलं यंत्र?  त्याला संशय आलाय की मी त्याच्यावर पाळत ठेवतेय.

तो हे का करत असेल? गिऱ्हाईक पुन्हा पुन्हा यावं म्हणून?

खटपट


२१ फेब्रुवारी

खटपट,

मी त्याला ओळखतो. हे आधी लिहायला हवं होतं, पण खात्री नव्हती.

तो माझ्याकडे होता. सहा वर्षं. आम्ही त्याला डावऱ्या म्हणायचो. इतका हुशार पोरगा मी दुसरा पाहिला नाही. मुलासारखा वागवला. तू तेव्हा परकर घालून अंगणात फिरायचीस, तुला आठवणार नाही. मी नवा नवा हा रीडर आणला आणि तेव्हापासून हेच सुरू झालं. संध्याकाळी दिवा लागलेली गाडी, सकाळी मी यंत्र लावेपर्यंत कोरी. यंत्र कोणाला ठाऊक? मला आणि त्याला. किल्ली कोणाकडे? त्याच्याकडे. गिऱ्हाइकं चिडून जायला लागली आणि दोघं-तिघं तर त्याच्या घरी जाऊन गाडी दाखवायला लागली. मग मला कोडं सुटलं. कोड पुसायचे, मला तोंडघशी पाडायचं आणि गिऱ्हाईक आपल्या घरी न्यायचं.

मी त्याला चार गिऱ्हाइकांसमोर हाकलला. पेटी नीट भरूही दिली नाही, रस्त्यावर नेऊन ठेवली. आणि ऐक, तो गेला त्या दिवसापासून कोड पुसले जायचे थांबले. एकही गाडी पुन्हा कोरी निघाली नाही. याहून मोठा पुरावा कुठला हवा?

आता तुझ्या वाटेला आलाय. मालकाला लेखी दे. तोंडी नको, लेखी, वहीसकट. नाही तर तीन महिने संपतील, तो म्हणेल हिला एक दोष सापडला नाही, आणि तू झेरॉक्सच्या दुकानात कागद मोजत बसशील.

मामा


१ मार्च

मामा,

दिलं. काल सकाळी मालकाच्या टेबलावर ठेवलं. त्यानं वही दोनदा वाचली, मग फोरमनला केबिनमध्ये बोलावलं. काचेतून ऐकू येत नव्हतं, नुसतं दिसत होतं. मालकाचे हात हलत होते. फोरमन उभा होता, टोपी हातात. मग मालकानं माझी वही त्याच्यासमोर धरली तेव्हा फोरमननं मान वर करून काचेतून मला पाहिलं.

त्याला चौकशी होईपर्यंत घरी बसायला सांगितलंय. बाकीचे तिघे मिस्त्री माझ्याशी बोलत नाहीत. एकानं माझ्या चहाचा कप उचलून दुसऱ्या टेबलावर ठेवला.

मी बरोबर केलं ना?

खटपट


६ मार्च

माझी वाघीण,

बरोबर म्हणजे काय, मी तुझ्या आईला दोनदा वाचून दाखवलं. तिला "स्कॅनर" म्हणजे दवाखान्यातला वाटला, पण अभिमान वाटला तिला.

आता बघ. सगळं थांबेल. गाड्या खरं बोलायला लागतील. नर्सबाईंच्या गाडीचा कोड आता जागचा हलणार नाही. तो शोध, मालकाला दाखव आणि कायम हो. मग यंत्र घ्यायचं बघू. मला तर काळं टॅबलेट बरं वाटतं.

खूप वर्षांनी मला आज मोकळं वाटतंय. त्याला हाकलल्यावर मधूनमधून शंका यायची, खोटं कशाला बोलू. जेवताना यायची. आता ती गेली.

मामा


१४ मार्च

मामा,

थांबलं नाही.

तो घरी बसला त्याच्या दुसऱ्या दिवशी एक गाडी कोरी. तिसऱ्या दिवशी दोन. मी वेड्यासारखी लिहीत होते. शटर मीच ओढत होते, मीच उघडत होते, मधे कोणी आत येणं शक्य नव्हतं. एकदा तर वाटलं, त्याच्याकडे दुसरी किल्ली असेल. मी शटरच्या फटीत कागदाची घडी अडकवून गेले. सकाळी घडी जागेवर आणि गाडी कोरी.

मंगळवारी तो आपली पेटी न्यायला आला. मी खाली मान घालून एका गाडीच्या चाकाशी बसले होते. तो माझ्या टेबलापाशी थांबला, काहीतरी ठेवलं, काहीतरी उचललं आणि गेला. ठेवला होता तो त्याचा जुना स्कॅनर, चार्जरसकट. उचलला होता तो तुझा दहा नंबरचा पाना. मला इतका राग आला! म्हटलं, बघा, जाता जाता चोरी. बाकीच्यांना पाना मागायची सोय नव्हती, माझ्याशी बोलतंय कोण.

बॅटरीची तार दहाच्याच पान्यानं सुटते, म्हणून बुधवारी सकाळी ती सोडवता आली नाही. नर्सबाईंची गाडी संध्याकाळपासून उभी होती. चिडून मी तशीच आत बसले आणि रीडर लावला.

कोड होता, मामा. जसाच्या तसा. चाचण्या पूर्ण.

 मग रस्त्यापलीकडच्या सायकलवाल्याकडून दहाचा पाना मागून आणला. तार सोडवली. दोन्ही हातांनी सगळं चाचपलं, जसं रोज चाचपते. तार जोडली. यंत्र लावलं. कोरी. मग दुसऱ्या गाडीवर तेच केलं. तीही कोरी. जुन्या गाड्यांचं डोकं बॅटरीवर चालतं, तार काढली की त्यांना सगळं विसरायला होतं. नव्या दोन गाड्या विसरत नाहीत, म्हणून त्यांचे कोड राहिले होते. इतकं साधं होतं. दोन महिने रोज सकाळी चोर मीच होते, आणि रोज सकाळी वहीत चोराची पाळत लिहीत होते.

मग त्याचा स्कॅनर उघडला. त्यात यादी असते, कधी काय वाचलं, कधी काय पुसलं, तारीख आणि वेळेसकट. पुसल्याची एकही नोंद नाही. वाचल्याच्या नोंदी मात्र आहेत. त्याच नऊ गाड्या, संध्याकाळी एकदा आणि सकाळी आम्ही सगळे आल्यावर एकदा. तोही चोर शोधत होता. मला यंत्र देत होता ते मी चुकून काही दाबत असेन तर त्याच्या यादीत दिसेल म्हणून. मला विचारत होता, ओळीनं सांग. मी सांगितलं असतं, "आधी बॅटरीची तार सोडवते," तर तो तिथल्या तिथे हसला असता आणि सगळं मिटलं असतं. मी म्हटलं, झाडते.

मला माझी लाज वाटते. पण एक गोष्ट तुलाच विचारायची आहे, आणि तूच खरं सांगू शकतोस. तुझ्या गॅरेजात डावऱ्याचं सकाळचं पहिलं काम काय होतं?

तुझी भाची


२ एप्रिल

चि. खटपट,

तुझं पत्र येऊन दोन आठवडे झाले. तुझ्या आईला वाटलं पोस्टात हरवलं. हरवलं नव्हतं, माझ्या उशीखाली होतं.

सकाळचं पहिलं काम. शटर उघडायचं आणि उभ्या असलेल्या सगळ्या गाड्यांच्या बॅटऱ्यांच्या तारा सोडवून ठेवायच्या. मी यायच्या आत. माझ्या हुकमानं. एखादी राहिली तर मी त्याला शिव्या द्यायचो, म्हणून कधी राहायची नाही.

आणि तो गेल्यावर थांबलं, तेही खरं आहे. तो गेल्यावर तारा सोडवायला माणूसच उरला नाही. माझी कंबर वाकेना. संध्याकाळी गाडी आली की मी तशीच यंत्र लावून मोकळा व्हायचो. माझा मोठा पुरावा म्हणजे माझी कंबर. यात हसण्यासारखं आहे, पण मला हसू येत नाही.

तो माझं काम इतकं मन लावून करत होता की त्यामुळेच चोर ठरला. मी त्याची बायको बाळंतीण असताना त्याला रस्त्यावर काढला, हे तुला मागे लिहिलं नव्हतं. आणि पुन्हा इथून, घरात बसल्या बसल्या, तुझ्या हातानं त्याला दुसऱ्यांदा काढला. तुझा दोष धरू नकोस. तू मी सांगितलं तेवढंच केलंस, त्यानंही तेच केलं होतं.

पाना त्याचाच आहे. त्या तीन खाचा त्यानं पाडल्या होत्या. त्याची पेटी बाहेर ठेवली तेव्हा पाना माझ्या गाडीखाली राहिला आणि मी तो परत दिला नाही.

आत एक बंद पाकीट आहे. ते त्याला नेऊन दे. तू उघडू नकोस. उघडलंस तरी चालेल, पण त्याच्यानंतर.

मामा


१२ एप्रिल

मामा,

आधी मालकाकडे गेले. सगळं सांगितलं, तारेपासून मोज्यापर्यंत, आणि तुझ्या उत्तराची वाट बघत इतके दिवस गप्प बसले तेही. तो म्हणाला, तुझं काय करायचं ते फोरमनच ठरवेल, त्याला तूच घेऊन ये.

त्याचं घर चौथ्या मजल्यावर आहे. दार त्याच्या मुलीनं उघडलं, माझ्याहून तीन-चार वर्षांनी लहान असेल. तो खिडकीत मिक्सर उघडून बसला होता, स्क्रू टोपीत. मी दारातच बोलायला सुरुवात केली आणि मधेच रडले, मग तसंच पुढे बोलले. त्यानं शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग खिशातून पाना काढून माझ्यासमोर ठेवला. "हा तुला कोणी दिला ते आधी सांग." मी म्हटलं, मामानं. त्यानं खालचा ओठ चावला आणि पान्याच्या खाचांवरून अंगठा फिरवला.

तुझं पाकीट दिलं. त्यानं खिडकीकडे तोंड करून वाचलं, घडी घातली, पुन्हा उघडून वाचलं. तू काय लिहिलंस मी विचारलं नाही. मुलीनं विचारलं, "कोणाचं आहे हो बाबा?" तर म्हणाला, "माझ्या मिस्त्रींचं."

सोमवारी तो कामावर आला. मिस्त्र्यांनी त्याला खुर्ची दिली, मला नाही, आणि ते बरोबरच आहे. माझे तीन महिने पुन्हा पहिल्यापासून सुरू, असं त्यानं सगळ्यांसमोर सांगितलं. त्या दिवशी पुन्हा बंद पडून आलेली नर्सबाईंची गाडी त्यानं माझ्याकडे ढकलली आणि स्वतः लांब जाऊन उभा राहिला. कोड वाचला, सेन्सरची वायर धरून मागे मागे गेले, एका पत्र्याला घासून तिचं आवरण गेलं होतं. गाडी हलली की टेकायची. तुझ्यासारखंच हातानं चाचपून सापडलं, पण कोड वाचल्यावर. वायर बदलली. बाई परवा नुसता हात करायला गाडी थांबवून गेल्या.

स्कॅनर घेतला. काळं टॅबलेटच. दुकानात तो सोबत आला. सूटकेसवाल्याकडे त्यानं बघितलंही नाही, म्हणाला, तू अजून तीन वर्षं पंखा हातानंच फिरव. पिवळा परत ठेवला, कारण तो काही लक्षात ठेवत नाही. "आपण काय केलं ते लिहून ठेवणारं यंत्र घ्यावं. चूक आपली निघाली तर पहिल्यांदा आपल्याला कळते." साटंलोटं वगैरे काही नव्हतं रे. दुकानदारानं त्याला ओळखलंसुद्धा नाही.

आज त्यानं मला एक पाकीट दिलं, तुझ्यासाठी. सोबत जोडते. उघडलेलं नाही.

खटपट


१२ एप्रिल

मिस्त्री,

शाई फासली आहे ती डाव्या हातामुळे, तुम्हाला सवय होती.

पाना न विचारता उचलला. माझाच होता, तरी विचारायला हवं होतं. पोरगी चांगली आहे. हात तुमच्यासारखा आहे. मी तिच्यावर रागावलेलो नाही, मलाही मुलगी आहे.

तारेचं मला फार नंतर कळलं. दुसऱ्या गॅरेजात, एका गाडीवर. तेव्हा तुमच्याकडे यावंसं वाटलं. तुमच्या दारापर्यंत आलोही होतो एकदा. आत तुम्ही एकटेच काम करत होता. माझी हिंमत झाली नाही.

पत्रात तुम्ही विचारलंत, तेव्हा काहीच का बोलला नाहीस. मी बोललो होतो, मिस्त्री. तीनदा म्हटलं होतं की मी यंत्राला हात लावलेला नाही. तेव्हा तुमचे दोन्ही कान शाबूत होते.

रविवारी येतो. सुनेला, म्हणजे माझ्या बायकोला, घेऊन ये म्हणालात, तीही येईल. तुम्हाला आता कमी ऐकू येतं असं पोरगी सांगते. हरकत नाही. या वेळी मोठ्यानं बोलेन.

डावऱ्या